नोटीस काढण्याआधी एक दिवस काकांच्या टेबलाशेजारी बस

आलेलं पत्र असं आहे:

"ताई, मी ३१ वर्षांची. स्पर्धा परीक्षा देऊन महसूल खात्यात आले, सध्या सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नायब तहसीलदार आहे. आमच्याकडं ई-ऑफिस, म्हणजे फाइली संगणकावरच चालवायची पद्धत, सुरू होऊन आठ महिने झाले. माझ्या हाताखाली नऊ जण आहेत. दोघं-तिघं नीट करतात. बाकीच्यांनी आपापले पासवर्ड कंत्राटी ऑपरेटर मुलाकडं देऊन ठेवलेत. सगळ्यात अवघड आमचे अव्वल कारकून. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणते. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. ते प्रत्येक प्रकरण कागदी फाइलवरच चालवतात आणि सगळं संपलं की स्कॅन करून सिस्टीमला चढवायला लावतात. मासिक बैठकीत मी सगळ्यांसमोर विचारलं, तर म्हणाले, 'मॅडम, तुम्ही दोन वर्षांनी बदलून जाल. कागद इथंच राहणार आहे.' सगळे हसले. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा तयार करून ठेवलाय. पुढं पाठवू, की चौदा महिने गप्प बसू? मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, मला 'तू' म्हणा."

तू म्हणतेस तर तू.

नोटीस आत्ता पुढं पाठवू नकोस. चौदा महिने गप्पही बसू नकोस, कारण ते काकांवरही अन्याय करणारं ठरेल. का, ते सांगते.

आधी त्यांचं ते वाक्य. सगळ्यांसमोर म्हणाले आणि लोक हसले, म्हणजे अपमान झाला, ते मी नाकारत नाही. पण तूही त्यांना सगळ्यांसमोरच विचारलं होतंस. सत्तावन्नाला टेकलेल्या माणसाला नऊ जणांपुढं 'तुम्हाला का जमत नाही' असं विचारलं, की त्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते चारचौघांना पटेल असंच तो देतो. तो प्रसंग क्षणभर बाजूला ठेव आणि नुसतं वाक्य बघ. ते खरं आहे. तू खरंच बदलून जाणार आहेस. अधिकाऱ्याचा काळ एका खुर्चीत तीन वर्षांचा आणि कारकुनाचा त्याच तालुक्यात, त्याच दोन-चार टेबलांवर तीस वर्षांचा. तेवढ्या काळात प्रत्येक नव्या साहेबानं आणलेली एकेक पद्धत त्यांनी सुरू होताना पाहिली आणि साहेबाची बदली झाल्यावर ती विझतानाही पाहिली.

मी स्वतः कारकून होते तेव्हाची गोष्ट सांगते. आमच्या कार्यालयात पहिले संगणक आले, ते एका वेगळ्या खोलीत ठेवले. त्या खोलीला एसी होता, बाहेर चपला काढाव्या लागायच्या. संगणकांवर प्लास्टिकची आवरणं. आम्हाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवणारा मुलगा हुशार होता, पण निम्मं इंग्रजीत बोलायचा. परत आलो तर खोलीला कुलूप. चार महिन्यांनी कुलूप निघालं तेव्हा आम्ही सगळं विसरून गेलो होतो, आणि ठपका काय आला? 'कर्मचारी उदासीन आहेत.' तो शब्द मला आजही टोचतो.

असा अनुभव गाठीशी असलेला माणूस नवीन काही आलं की थांबून बघतो, हे टिकतंय का. आणि अशी शंका घेणारे एकटे काकाच नाहीत. मँचेस्टर विद्यापीठातले रिचर्ड हीक्स यांनी २००३ मध्ये विकसनशील देशांतल्या सरकारी संगणकीकरणाचा अंदाज मांडला होता. ३५ टक्के प्रकल्प साफ फसले, ५० टक्के अर्धवट राहिले आणि साधारण १५ टक्केच यशस्वी झाले. त्यांनी दिलेलं कारण आपल्याकडच्या कुणालाही पटेल: ज्या कार्यालयाची कल्पना करून यंत्रणा बांधली जाते, ते कार्यालय आणि प्रत्यक्षातलं कार्यालय यांच्यात फार अंतर असतं. ते अंतर वर बसून दिसत नाही. ज्याच्या टेबलावर काम अडतं, त्यालाच ते दिसतं.

म्हणून पहिलं काम. एक अख्खा दिवस काकांच्या शेजारी खुर्ची टाकून बस. तपासणीला आल्यासारखी नको, वही-पेन घेऊन शिकायला. सकाळी बारनिशीतून, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावरून, टपाल आलं की ते आधी काय बघतात, कुठला कागद वर ठेवतात, कुठला बाजूला सारतात, कुणाला फोन लावतात. मध्ये बोलू नकोस. त्यांची जुनी पद्धत तुला नीट सांगता आली, की मगच त्यांना नवी शिकवायचा अधिकार तुला मिळेल.

त्या दिवशी तुला काय काय दिसेल, त्यातलं थोडं मी आत्ताच सांगू शकते, कारण ते टेबल मी चालवलेलं आहे.

पहिली दिसेल ती पेन्सिल. त्यांच्या खिशात किंवा कानावर एक शिसपेन्सिल असणार. कागदी फाइलवर आपण टिप्पणी आधी पेन्सिलीनं लिहायचो. साहेबांकडं न्यायची, साहेब वाचणार, समासात पेन्सिलीनंच 'बोला' असं लिहिणार. मग आपण जाऊन बोलायचं. साहेब म्हणणार, हे वाक्य काढा, ते घाला. परत येऊन खोडरबर, नवी ओळ, आणि शेवटी शाई. फाइलवर उरायची ती पक्की शाई. आधीची चूक, आधीचं मत, साहेबांनी फोनवर 'आठ दिवस थांबवून ठेवा' म्हणून दिलेली सूचना, हे सगळं खोडरबरानं गेलेलं असायचं. यात वाईट गोष्टीही लपायच्या, मी त्याचं समर्थन करत नाही. पण पेन्सिलीचा एक मोठा उपयोग होता. खालच्या माणसाला चुकायला जागा मिळायची.

आता ई-ऑफिसमध्ये बघ. हिरव्या, म्हणजे पक्क्या टिप्पणीत लिहून फाइल पुढं पाठवली की संपलं. नाव, तारीख, वेळ, मिनिटासकट. फाइल कुणाकडं किती दिवस होती, ते कधीही काढता येतं. वर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही आणि सबळ कारण नसलं तर ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड. यंत्रणा म्हणून हे चांगलंच आहे, साताऱ्याच्या एसटी स्टँडवरून तीन-तीन हेलपाटे घालणाऱ्या माणसासाठी तर फारच चांगलं आहे. पण काकांच्या खुर्चीतून बघ. फाइल 'थांबवून ठेवा' असं साहेब तोंडी सांगतात, त्याची नोंद कुठंच होत नाही. थांबलेली फाइल मात्र काकांच्या नावावर दिसते. निवृत्तीला चौदा महिने असताना एखादं प्रकरण अंगाशी आलं आणि विभागीय चौकशी लागली, तर उपदान (ग्रॅच्युइटी) अडकतं, निवृत्तिवेतन तात्पुरतं मिळतं. हे प्रत्येक जुन्या कारकुनानं कुणाच्या तरी बाबतीत पाहिलेलं असतं. काका कागदाला चिकटलेत ते पेन्सिलीसाठी, असा माझा कयास आहे. तू शेजारी बसलीस की कळेल तो खरा की खोटा.

खरा निघाला, तर दोन गोष्टी कर. एक, त्यांना पिवळी टिप्पणी दाखव. ई-ऑफिसमध्ये पिवळी टिप्पणी म्हणजे कच्चा मसुदा: ती बदलता येते, वरच्यानं दुरुस्त करून परत पाठवता येते, नको असेल तर टाकून देता येते, आणि पक्की केली की मगच हिरवीत जाते. ती पेन्सिलच आहे. प्रशिक्षणात हे बटण दाखवतात, पण 'ही तुमची पेन्सिल' असं कुणी म्हणत नाही. दुसरी गोष्ट तुझ्या हातातली, आणि जास्त अवघड. तू तोंडी काही सांगितलंस, तर त्या फाइलवर दोन ओळी तू स्वतः लिहायच्या. 'चर्चेप्रमाणे' हा शब्द आजवर कारकून लिहीत आला आणि त्याची किंमतही त्यानंच मोजली. तो शब्द यापुढं अधिकाऱ्यानं लिहायचा. हे वचन तू काकांना दे आणि पहिल्याच आठवड्यात पाळून दाखव.

दुसरं दिसेल ते शरीराचं. हसू नकोस, हे फार महत्त्वाचं आहे. या वयात चष्मा बायफोकल असतो, जवळचं वाचायची काच खाली. मॉनिटर सीपीयूच्या डबड्यावर उंच ठेवलेला असेल, तर स्क्रीन वाचायला मान मागं टाकावी लागते. तासाभरात मान धरते आणि माणूस म्हणतो, हे आपल्याला जमायचं नाही. मॉनिटर खाली घे, अक्षर मोठं कर. फुकटातलं काम आहे. मग टायपिंग. काकांच्या पिढीनं मराठी तीसच्या, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांच्या सर्टिफिकेटसाठी रेमिंग्टनच्या मशिनवर बोटं घासली आहेत. संगणकावर इनस्क्रिप्ट ही वेगळीच मांडणी टाकून दिली की त्या बोटांना एकही अक्षर सापडत नाही. तीस वर्षं सफाईनं टाइप करणारा माणूस एका बोटानं 'क' शोधत बसतो, आणि ऑपरेटर मुलगा शेजारी उभा राहून बघतो. ती लाज तुला बाहेरून दिसणार नाही. युनिकोडमध्ये रेमिंग्टनची मांडणी मिळते, 'रेमिंग्टन गेल' म्हणतात, ती टाकून घे. बोलून मराठी टाइप करायची सोयही दाखव, पण एकटं असताना. कचेरीत मोठ्यानं मजकूर सांगायला त्यांना संकोच वाटेल.

तिसरं जे आहे, ते मॉनिटर हलवून सुटणार नाही. काकांकडं लोक का येतात? कारण १९९८ च्या वाटपाचं प्रकरण कुठल्या गठ्ठ्यात आहे ते त्यांना ठाऊक असतं. तहसीलदारसुद्धा 'काकांना बोलवा' म्हणतात. उद्या सगळं शोध-चौकटीत नाव टाकून सापडायला लागलं, तर त्यांना कुणी का बोलवावं? हे नुकसान खरं आहे. 'काका, तुमचं काम सोपं होईल' असं सांगून ते भरून निघत नाही. ते मान्य करून त्यांना त्याच तोलाचं काम दे.

ते काम तुझ्याकडं आहेच. जुनं दप्तर स्कॅन करायचं म्हणजे काय काय करायचं, हे कुणी ठरवलंय का? ऑपरेटरला सांगितलं तर तो समोरचा गठ्ठा उचलून पहिल्या पानापासून सुरू करेल. चंद्रकांत दळवी पुण्याचे विभागीय आयुक्त असताना झिरो पेंडन्सीची, म्हणजे काहीच प्रलंबित न ठेवण्याची मोहीम राबवली गेली, तेव्हा सातारा-सांगलीतल्या कार्यालयांनीही कपाटं उपसली. दळवीसाहेब खटाव तालुक्यातल्या निढळचे, तुमच्याच जिल्ह्यातले. त्या मोहिमेत पहिलं काम होतं निवड करण्याचं. आधी कागदांचे सहा गठ्ठे लावायचे, मग अभिलेख किती वर्षं जपायचे त्या वर्गानुसार वेगळे करायचे: अ म्हणजे कायम, ब तीस वर्षं, क दहा वर्षं, ड एक वर्ष. कित्येक ठिकाणी निम्मी कपाटं अशा कागदांनी भरलेली निघाली, जे कधीच नष्ट व्हायला हवे होते. कुठला कागद कुठल्या वर्गातला, कुठल्या फेरफाराला कुठला आदेश जोडून ठेवायचा, हे काकांइतकं तुमच्या कार्यालयात कुणाला कळतं? ती निवड त्यांच्या हाती दे, लेखी आदेशानं दे, आणि आदेशात त्यांचं पूर्ण नाव असू दे.

बाकीच्या आठ जणांबद्दल थोडक्यात. पासवर्ड ऑपरेटरकडं ठेवणं लगेच बंद कर, यात तडजोड नाही. त्या मुलाच्या हातून एक चुकीची फाइल पुढं गेली, तर ज्याच्या नावानं ती गेली तो सापडेल, आणि कंत्राट संपून गेलेला मुलगाही कोर्टाच्या चकरा मारत बसेल. पण पासवर्ड का दिला, ते प्रत्येकाला वेगवेगळं विचार. एखाद्याचं उत्तर 'नेट बंद असतं, तो संध्याकाळी थांबून चढवतो' असं असेल. मग अडचण नेटची आहे, माणसाची नाही.

२०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते, आठवतंय? वरवर बघणाऱ्याला वाटलं असेल, या बायकांना नवीन काही नको आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं. फोनची मेमरी अपुरी, तो तापतो, बंद पडतो, आणि त्यातलं पोषण ट्रॅकर हे ॲप इंग्रजीत. संध्याकाळी घरी त्याच बायका आपल्या फोनवर नातवाशी व्हिडिओवर बोलत होत्या. विरोध होता तो दिलेल्या वस्तूला, आणि वस्तूत काय खोट आहे ते त्यांनी नेमकं सांगितलं होतं. कार्यालयातल्या नकारातही बऱ्याचदा अशी दुरुस्तीची यादी दडलेली असते.

तुला पुन्हा बैठक घ्यावीच लागेल. या वेळी वेगळी घे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या एका पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात एक प्रयोग झाला होता, तो १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी तो केला. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला बदल नुसता कळवला, कारण समजावलं आणि कामाला लावलं. दुसऱ्या गटांना बसवून विचारलं, काय बदलावं, कसं बदलावं. कळवलेल्या गटाचं उत्पादन खाली गेलं ते वर आलंच नाही, तक्रारी वाढल्या, आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के कामगार नोकरी सोडून गेले. ज्यांना सामील करून घेतलं, त्यांच्यातलं कुणी गेलं नाही आणि काम लवकर पूर्वपदावर आलं. आपल्याकडं सरकारी नोकरी कुणी सोडत नाही. आपल्याकडं माणूस खुर्चीवरच राहतो आणि मनानं निघून जातो, ते हजेरीपटावर दिसत नाही. म्हणून बैठकीत 'ई-ऑफिस करायचं की नाही' हे विचारू नकोस, ते ठरलेलं आहे, खोटी निवड देऊ नकोस. विचार की आधी कुठलं संकलन (म्हणजे कुठल्या विषयाचं टेबल), कुठल्या तारखेपासून, रोज किती फाइली, नेट गेलं तर काय करायचं. त्यांनी दिलेली तारीख तुझ्या मनातल्या तारखेपेक्षा महिनाभर पुढची निघाली तरी घे.

पण तारीख एकदा पडली की त्या दिवसापासून त्या संकलनाचा कागद बंद. इथं मऊ पडू नकोस. कागद आणि संगणक दोन्ही चालू राहिले, की माणसाला दुप्पट काम होतं आणि तो संगणकाचा राग करतो. कर्नाटकानं २००० च्या सुमारास 'भूमी'त जवळपास दोन कोटी जमीन उतारे संगणकावर घेतले, ६७ लाख खातेदारांचे. सुमारे नऊ हजार गावलेखापालांच्या हातातलं काम त्यात बदललं. तालुक्यात संगणकाचा उतारा सुरू झाला की हस्तलिखित उतारा ग्राह्य धरायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आणि पाळलं. जत-मिरजेकडच्या ज्यांची जमीन सीमेपलीकडं आहे, त्यांना विचार. ज्या दिवशी हाताचा उतारा चालेनासा झाला, त्या दिवशी यंत्रणा खरी झाली.

'कागद इथंच राहणार आहे' या वाक्यालाही एक उत्तर आहे. ते तू चारचौघांत देऊ नकोस. काकांबरोबर चहा घेताना सांग, माझं नाव घालून सांगितलंस तरी चालेल. कृष्णा तुमच्या महाबळेश्वरातून निघते आणि आमच्याकडं येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ तिनं ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ आहे. मी होते त्या कार्यालयाच्या तळमजल्यावरचं दप्तर पाण्यात गेलं. पाणी उतरल्यावर आत गेलो तर दप्तर बांधलेल्या रुमालांच्या गाठी फुगून इतक्या आवळल्या होत्या की कात्रीनं कापाव्या लागल्या. नोंदवह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली. आम्ही पानापानांत रद्दी घालत होतो, सुतळ्या बांधून सुटे कागद वाळत घालत होतो, आणि काही पानांवरची शाई आमच्या डोळ्यांदेखत पसरून ओळी दिसेनाशा होत होत्या. कुणाच्या तरी बापजाद्यांच्या जमिनीच्या ओळी होत्या त्या. तेव्हा मला कळलं की कागदही राहत नाही.

पण त्याच दिवसाची दुसरी बाजूही सांग. गाठी कापल्यावर कुठला रुमाल कुठल्या वर्षाचा, हे कुणालाच कळेना, चिठ्ठ्या वाहून गेल्या होत्या. शेवटी रेकॉर्डला पंचवीस वर्षं काढलेल्या निवृत्त शिपायांना, मामांना, घरून बोलावलं. त्यांचं स्वतःचं घर चिखलात होतं, तरी आले. रुमालाचं कापड आणि कडेची शिवण हातानं चाचपून ते वर्ष सांगत गेले आणि मी लिहीत गेले. दोन दिवसांत सगळी यादी उभी राहिली. कुठल्याही सर्व्हरवर ती नव्हती. मामा आणखी दोन वर्षांनी गेले. त्यांच्याकडून अजून कितीतरी लिहून घ्यायला हवं होतं, ही रुखरुख मला आहे. काकांचे चौदा महिने तुझ्या हातात आहेत, म्हणून मी इतकं लांबण लावून लिहितेय.

आता नोटिशीचं. ती कायमची फाडून टाक असं मी म्हणत नाही. हे सगळं केल्यावर, अडचणी दूर केल्यावर, तारीख सगळ्यांनी मिळून ठरवल्यावरही कुणी कागद सोडत नसेल, आणि कागद नेमका तिथंच अडतोय असं दिसलं जिथं नागरिकाला 'येऊन भेटा' म्हणून निरोप जातो, तर तो विरोध वेगळ्या कारणाचा आहे. त्याला समजूत घालायची गरज नाही. तिथं नोटीस पाठव, पुराव्यासह पाठव आणि मागं हटू नकोस. तुझ्या पत्रावरून काका त्यातले वाटत नाहीत. त्यातला असता तो तुझ्याशी गोड बोलला असता आणि पासवर्ड पाठ करून बसला असता.

तू विचारलं नाहीस, पण पत्राच्या ओळींमधून दिसलं, म्हणून लिहिते. तू वयानं लहान आहेस, बाई आहेस, म्हणून लोक हसले का? थोडंफार असेल. माझ्याही वेळी हसले होते. पण त्या हसण्यात निम्मी भीती त्यांची स्वतःची होती. काका जे बोलले ते सगळ्यांच्या मनात होतं आणि कुणीतरी बोललं म्हणून हलकं वाटलं. पुढच्या बैठकीत त्यांच्या यादीतल्या दोन अडचणी सुटलेल्या असल्या, की बघ किती जण हसतात.

सोमवारी लोकशाही दिन वगैरे असेल तर तो दिवस टाळ. मंगळवारी बस त्यांच्या शेजारी, आणि आदल्या संध्याकाळी मॉनिटर खाली घेऊन ठेव. त्यांनी पहिली पिवळी टिप्पणी कुठल्या प्रकरणावर लिहिली, ते मला जरूर कळव.